ढग आणि भाव

मुंबईहून गोव्याच्या वाटेला लागलं की पेण, वडखळ, नागोठणे मागे पडतात, सुकेळी खिंड ओलांडली जाते आणि रोहा तालुक्यातलं खांब येतं. पुढे कोलाड. पूर्वेला सह्याद्रीच्या रांगा, खाली कुंडलिकेचं खोरं, भाताची खाचरं आणि मधून जाणारा महामार्ग. हवामानाचा भाजीच्या भावाशी काय संबंध आहे, हे शिकायला हा पट्टा फार चांगला आहे, कारण तो एकाच वर्षात बाजाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहतो. पावसाळ्यात इथलं शिवार भाताखाली असतं आणि घरात लागणारा टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरची घाटावरून विकत आणावी लागते. भातकापणी झाली की त्याच जमिनीत वाल, पालेभाज्या, काकडी, कलिंगड उभं राहतं आणि इथला शेतकरी विकायला निघतो. पावसाळ्यात भाव चढला तर त्याला खिशातून जास्त द्यावे लागतात; उन्हाळ्यात भाव पडला तर त्याच्या हातात कमी पडतं.

‘पाऊस झाला म्हणून भाजी महागली’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कुठे झालेला पाऊस? कधी झालेला? पिकाच्या कोणत्या वयात? आणि पडला तो शेतावर, घाटावर की शहरावर? या प्रश्नांची उत्तरं बदलली की भावाची दिशाही बदलते. आज बाजारात दिसणारा भाव बहुतेक वेळा आजच्या आभाळाचा नसतो. तो दोन दिवसांपूर्वीच्या, महिन्यापूर्वीच्या किंवा गेल्या हंगामातल्या हवामानाचा असतो.

पाऊस कधीचा, भाव कधीचा

सर्वांत लवकर दिसणारा परिणाम एक-दोन दिवसांचा. पाऊस लागून राहिला की तोडणी थांबते, चिखलामुळे टेम्पो बांधापर्यंत जात नाही. त्यातूनही भाजी काढली तर ती भिजलेली असते. तोडलेली भाजी जिवंतच असते. ती श्वास घेते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. मेथी-कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या दाबून भरल्या की मधल्या जुड्यांना हवा मिळत नाही, ढीग आतून तापतो आणि पानांवरच्या पाण्यात कूज सुरू होते. संध्याकाळी हिरवीगार भरलेली भाजी पहाटे उतरवताना मधोमध काळी पडलेली निघते. अशा दिवशी बाजारात आलेल्या गाड्या मोजून तुटवडा कळत नाही. गाड्या तेवढ्याच असतात, विकण्याजोगा माल कमी असतो.

रस्त्याचंही असंच. पुण्याच्या बाजूचा माल माणगाव-कोलाडकडे ताम्हिणी घाटातून उतरतो. घाटात दरड आली की गाडीला खोपोली-पेणचा वळसा पडतो, वेळ वाढतो, भाडं वाढतं आणि नाशवंत मालाचं आयुष्य वाटेतच सरतं. पण हा परिणाम जसा झटकन येतो तसा झटकन जातो. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, रस्ता मोकळा झाला की भाव खाली येतो.

दुसरा परिणाम महिन्या-दीड महिन्याचा. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबिरीला पाच-सहा आठवडे लागतात. नुकती पेरलेली वाफ्यातली भाजी जोराच्या पावसाने वाहून गेली, तर आभाळ निवळल्यावरही तेवढे दिवस थांबावंच लागतं. लख्ख ऊन पडलेलं असताना कोथिंबिरीची जुडी महाग का, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडतो. त्याचं उत्तर महिन्यापूर्वीच्या पावसात असतं.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. टोमॅटोच्या फुलांना फार उष्णता सोसत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, तर परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. झाड हिरवंगार असतं, बाजारात आधीची फळं येत असतात, भावही शांत असतो. तुटवडा उमगतो तो पुढच्या महिन्या-दीड महिन्यात, जेव्हा त्या गळलेल्या फुलांची फळं यायला हवी होती. ढगाळ हवेचंही तसंच. चार-सहा दिवस ऊन नाही, हवेत दमटपणा, की टोमॅटो-बटाट्यावर करपा, काकडीवर केवडा, वालावर मावा. कलिंगड, काकडी, दुधी या वेलींना परागीभवनासाठी मधमाश्या लागतात आणि पावसाळी हवेत मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत. पाऊस एक थेंबही न पडता, नुसत्या आभाळाने पीक कमी होऊ शकतं.

चौथा परिणाम वर्षांचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मेथीचा वाफा गेला तर महिन्यात परत उभा राहतो. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर जगणाऱ्या घरांसाठी त्या एका दिवसाचा वारा अनेक वर्षांच्या उत्पन्नावरून फिरला.

माल दहा टक्के कमी, भाव किती जास्त?

माल थोडा घटला तर भाव थोडाच वाढायला हवा, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं होत नाही, हे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी ग्रेगरी किंग यांच्या नावाने मांडलं गेलं आणि चार्ल्स डेव्हनंट यांनी १६९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. गव्हाचं पीक नेहमीपेक्षा एक दशांश कमी आलं तर भाव तीन दशांशांनी चढतो. दोन दशांश कमी आलं तर आठ दशांशांनी. तीन दशांश कमी आलं तर सोळा दशांशांनी, म्हणजे मूळ भावाच्या अडीच पटीहून पुढे. हे आकडे त्या काळच्या गव्हाचे आहेत, ते आजच्या भाजीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यातलं तत्त्व आजही खरं आहे. घरात रोज लागणारी वस्तू महाग झाली म्हणून माणसं तिचा वापर लगेच त्या प्रमाणात कमी करत नाहीत. कमी मालामागे तेवढेच हात लागतात आणि भाव मालाच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने चढतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि शेतकऱ्याला ती जास्त लागते. माल थोडा जास्त झाला की भाव कोसळतो, कारण कोथिंबीर निम्म्या भावाने मिळाली म्हणून कोणी दुप्पट खात नाही. ती साठवताही येत नाही. कांदा चाळीत चार महिने राहतो, बटाटा शीतगृहात राहतो. पालेभाजीला उद्याची सकाळ ही शेवटची मुदत असते.

कोकणात मागणीचा आणि पावसाचा मेळही अडचणीचा आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटातला मासा कमी होऊन भाजीवरचा भार वाढतो. मग श्रावण येतो आणि शाकाहार पाळणारी घरं वाढतात. गणपतीत ऋषिपंचमीला अळू, माठ, भोपळा, काकडी यांना एकदम मागणी येते. म्हणजे शेतातून माल निघणं सर्वांत कठीण असतं नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक वाढलेलं असतं. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते. भाजी आणि दूध यांना त्यातून सूट असते, पण रस्त्यावरची कोंडी सगळ्यांना सारखीच असते.

घरं आपापल्या परीने वाट काढतात. टोमॅटो महागला की आमटीत आमसूल किंवा चिंच पडते. भाजी परवडेनाशी झाली की वाल, चवळी, मटकी भिजत पडते. मागच्या हिवाळ्यात वाल नीट पिकला असेल तर यंदाच्या पावसाळ्यातली महागाई त्या घराला कमी भासते.

वाशीची रात्र

रायगडच्या बाजारपेठांचा भाव मोठ्या प्रमाणात नवी मुंबईत ठरतो. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९७७ ची. शहरातला घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला आला. पुणे, नाशिक, सातारा, सांगलीकडच्या गाड्या रात्री येतात. वाटाणा मध्य प्रदेशातून आणि हिमाचलातून, बटाटा उत्तर प्रदेशातून आणि गुजरातेतून येतो. आवक किती आणि उठाव किती, यावर पहाटेपर्यंत भाव ठरतात. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, तेव्हापासून थेट विक्रीही वाढली. तरी आसपासच्या तालुक्यांतले किरकोळ विक्रेते ‘आज वाशीला काय निघाला?’ याच प्रश्नाने दिवस सुरू करतात.

या बाजारात वेळेची किंमत फार मोठी आहे. रात्री चढा भाव मागणारा माल सकाळी उरला तर तो मिळेल त्या भावाने काढावा लागतो. म्हणूनच पाऊस कुठे पडला याला महत्त्व आहे. पाऊस जुन्नर-नाशिकच्या शेतात पडला तर आवक घटते आणि भाव चढतो. पाऊस मुंबईवर पडला, लोकल बंद पडल्या, तर किरकोळ विक्रेते बाजारात पोहोचतच नाहीत. उठाव नसतो, आलेला माल पडून राहतो आणि घाऊक भाव उतरतो. त्याच दिवशी शहरातल्या गल्लीत मात्र भाजी महाग असते, कारण तिथे ती पोहोचलेली नसते. शेतकऱ्याला पट्टी कमी येते, गृहिणीला दाम जास्त पडतो आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने पैसे खाल्ले. पुष्कळदा मधल्या पाण्यात माल अडकलेला असतो.

पण सगळा दोष पाण्याचाही नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले टोमॅटो उत्पादकाला साधारण ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात असं आढळलं. त्याच बँकेला व्याजदर ठरवताना टोमॅटो-कांद्याकडे पाहावं लागतं, इतकं भाजीचं वजन देशाच्या महागाईत आहे.

एका टोमॅटोचं वर्ष

२०२३ च्या टोमॅटोने हे सगळे धागे एकत्र दाखवले. त्या उन्हाळ्यात भाव इतका पडला की काढणीचा खर्चही सुटेना, म्हणून अनेक शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, उभ्या पिकाची निगा सोडली, नवी लागवड कमी केली. त्यातच अवकाळी पाऊस, मग उष्णता, आणि त्यामागून विषाणूजन्य रोग आले. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला आणि आधीच रोडावलेली आवक आणखी घटली. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव गेला. किरकोळीत टोमॅटोने शंभरी केव्हाच ओलांडली होती. केंद्र सरकारने टोमॅटो विकत घेऊन शहरांत स्वस्तात विकला, ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयातही सुरू झाली. त्या जुलैत देशात भाज्यांची वार्षिक महागाई ३७ टक्क्यांच्या वर गेली आणि एकूण किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर.

मग काय झालं? चढा भाव पाहून सगळ्यांनी एकाच वेळी टोमॅटो लावला. सप्टेंबरात तो सगळा एकदम बाजारात आला आणि भाव पुन्हा जमिनीला टेकला. जुलैत पोलीस बंदोबस्तात राखला गेलेला टोमॅटो दोन महिन्यांत पुन्हा फेकून द्यावा लागला. ब्रिटनमध्ये निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं: आजच्या भावावरून उद्याची लागवड ठरते, ती लागवड उद्याचा भाव पाडते, पडलेला भाव परवाची लागवड घटवतो. आलेखावर या रेषा काढल्या की जाळं तयार होतं. हवामान त्या जाळ्याला पहिला धक्का देतं. त्यानंतरचे झोके माणसांच्या एकसारख्या निर्णयांनी बसत राहतात.

म्हणून २०२३ च्या तेजीला फक्त पावसाचं नाव देणं चुकीचं आहे. मे महिन्यातल्या स्वस्ताईत जुलैची महागाई पेरली गेली होती.

खांबचा हिवाळा

आता विक्रेत्याच्या बाजूला येऊ. कोकणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या घरात पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडचा वाल येतो. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल, थंडी आणि पहाटेचं दव त्याला पुरतं. जानेवारीत शेतात पेटणारी पोपटी, भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हा या थंडीचा उत्सव आहे. पाऊस ऑक्टोबरअखेर रेंगाळला की भाताची कापणी लांबते, वालाची पेरणी उशिरा होते आणि फुलोऱ्याला हवी ती थंडी चुकते. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ चक्रीवादळाच्या पावसाने कापलेलं भात खाचरात भिजलं. अशा वर्षी भाताचं नुकसान लगेच मोजलं जातं. त्यामागून पुढे ढकललेल्या वालाचं आणि भाजीचं नुकसान पंचनाम्यात येत नाही.

उन्हाळी पिकांची गोष्ट आणखी लांबून येते. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून भिरा इथल्या टाटांच्या वीजगृहात उतरतं. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. वीज झाल्यावर सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं, डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडतं आणि कालव्यांनी रोहा तालुक्यात फिरतं. त्यामुळे एप्रिलच्या कडक उन्हात इथे उन्हाळी भात, कलिंगड आणि भाजी उभी राहते. मागच्या जुलैत घाटमाथ्यावर पडलेला पाऊस इथे पुढच्या एप्रिलमध्ये पिकाच्या मुळाशी येतो.

कलिंगडाला पाणी लागतं ते मोजून. वरून पडलेलं पाणी त्याला मारक ठरतं. पक्व होत आलेल्या फळाला अचानक जास्त पाणी मिळालं की आतला दाब वाढून ते तडकतं, गोडी उतरते, मातीला टेकलेली बाजू सडते. आणि ढगाळ, गार दिवशी रस्त्यावरचं गिऱ्हाईकही कलिंगडापाशी थांबत नाही. एकाच अवकाळी सरीने माल बिघडतो आणि मागणीही बसते. म्हणून अशा पावसात कलिंगडाचा भाव चढत नाही, पडतो. ‘पाऊस म्हणजे महागाई’ हा नियम इथे उलटा होतो.

२०२५ च्या मे महिन्यात अशाच अवेळी पावसाची प्रचिती आली. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. आजवरच्या नोंदींतलं हे सर्वांत लवकरचं आगमन. याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती. मे म्हणजे उन्हाळी भात झोडण्याचा, वाल-कडधान्य वाळवून भरण्याचा महिना. पावसाचं एकूण प्रमाण वर्षअखेर कितीही भरो, चुकीच्या पंधरवड्यात आलेला पाऊस शेतकऱ्याच्या दृष्टीने वेगळाच पाऊस असतो.

या साऱ्यात एक पुरवठा असा आहे की तो पावसाबरोबरच वाढतो. वळवाच्या सरी झाल्या की शेवळं निघतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. आदिवासी बाया या रानभाज्या डोंगरातून खुडून पेण-रोह्याच्या बाजारात आणतात. त्यांना बियाणं, खत, कालवा, अडत काही लागत नाही. घाटावरची भाजी महाग असते त्याच आठवड्यांत ही भाजी स्वस्तात मिळते. जंगल राखलं तर भाववाढीच्या काळात गरिबाच्या ताटात हिरवं काहीतरी राहतं, हा या भाजीचा मोठा आधार आहे.

अजून न मिळणारा अंदाज

उपाय आहेत आणि ते शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. गादीवाफ्यावर लागवड केली की पाणी मुळाशी साचत नाही. प्लॅस्टिकचं आच्छादन फळाला मातीपासून वर ठेवतं. शेडनेटमध्ये पावसाळी कोथिंबीर तग धरते. सगळा वाफा एका दिवशी पेरण्याऐवजी आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरला तर एक पाऊस सगळंच नेत नाही. भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठं मिळून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला देतात. रोह्याजवळ किल्ला इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. वीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत पावसाचा अंदाज आज खूप सुधारला आहे, आणि तोडणी एक दिवस आधी उरकून घेण्याएवढा तो नक्कीच उपयोगी आहे.

पण एवढ्याने भाव सावरत नाही. दोन दिवसांचा परिणाम पावसाच्या अंदाजाने टळेल, महिन्याचा परिणाम वाफ्याच्या रचनेने सौम्य होईल. हंगामाचा झोका मात्र वेगळ्याच माहितीअभावी बसतो: माझ्यासारख्या आणखी किती जणांनी यंदा हेच पीक लावलं आहे? जुलैत चढा भाव पाहून टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्याला दहा दिवसांचा पाऊस कळत होता. जिल्ह्याजिल्ह्यांत किती रोपं विकली गेली, किती एकर लागवड झाली, हे कळत नव्हतं. ही माहिती गुप्त नसते. ती रोपवाटिकांच्या वहीत असते, बियाणं विक्रेत्याच्या पावत्यांत असते, गावच्या पीकपाहणीत असते. ती वेळेवर एकत्र करून, पावसाच्या अंदाजाइतक्याच नियमितपणे, त्याच मंगळवारी आणि शुक्रवारी गावापर्यंत पोहोचवली, तर खांबचा शेतकरी कलिंगड किती आणि काकडी किती हे गेल्या वर्षीच्या भावावरून ठरवणार नाही. पाऊस थांबवता येत नाही. त्यानंतरचे झोके मात्र पुष्कळ कमी करता येतात, आणि त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे आजच आहे.